आधी मजकूर, मग सॉफ्टवेअर

पहिलंच पुस्तक छापायला निघालेला लेखक असो, संस्थेचा सुवर्णमहोत्सवी ग्रंथ काढणारं संपादक मंडळ असो, की वर्षाला चार-पाच पुस्तकं काढणारा छोटा प्रकाशक असो; हस्तलिखित हातात आलं की एक प्रश्न हमखास निघतो: पुस्तक लावायचं कशात? डीटीपी करणारा म्हणतो पेजमेकर, छपाईवाला म्हणतो इनडिझाइन, घरातला कॉलेजात शिकणारा मुलगा म्हणतो वर्डमध्येही होईल. मग चर्चा सुरू होते ती किमतीची, वेगाची आणि कुणाला काय येतं याची. या तिन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेत, पण मराठी पुस्तकापुरतं बोलायचं तर त्यांचा नंबर नंतर लागतो. त्याआधी विचारायला हवं ते हे: या सॉफ्टवेअरमध्ये घातलेला मजकूर दहा-पंधरा वर्षांनी, दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी म्हणूनच बाहेर येईल का? याचं उत्तर 'हो' असं मिळत नसेल, तर ते सॉफ्टवेअर कितीही स्वस्त, वेगवान किंवा सरावाचं असलं तरी पुस्तकासाठी वापरू नये, असं मला ठामपणे वाटतं. या एका प्रश्नाकडे झालेल्या दुर्लक्षाची मराठी प्रकाशनव्यवसायाने फार मोठी किंमत मोजली आहे आणि ती अजूनही फिटलेली नाही.

खिळ्यांच्या छपाईत मजकूर कायमचा जपून ठेवणं परवडत नसे. कंपोझिटर खणांतून एकेक खिळा वेचून ओळ जुळवायचा. पानं छापून झाली की जुळणी सोडून खिळे पुन्हा आपापल्या खणांत टाकले जायचे, कारण तेच खिळे पुढच्या कामाला हवे असायचे. नवी आवृत्ती म्हणजे बहुतेक वेळा पहिल्यापासून जुळणी, पुन्हा प्रुफं, आणि जुन्या चुका काढताना शिरलेल्या नव्या चुका. संगणक आला तेव्हा सगळ्यात मोठी आशा हीच होती की अक्षरजुळणी आता एकदाच करावी लागेल. १९८५ मध्ये आल्डस या अमेरिकी कंपनीचं पेजमेकर, ॲपलचा मॅकिन्टॉश संगणक व लेझर प्रिंटर आणि ॲडोबीची पोस्टस्क्रिप्ट ही भाषा एकत्र आली आणि टेबलावर मावणाऱ्या यंत्रांवर छापण्याजोगं पान तयार होऊ लागलं. 'डेस्कटॉप पब्लिशिंग' हा शब्दही तेव्हाचाच. आल्डसचे संस्थापक पॉल ब्रेनर्ड यांना त्याचं श्रेय दिलं जातं. इंग्रजीच्या बाबतीत ती आशा बऱ्याच अंशी फळली. तेव्हा टंकलेला साधा इंग्रजी मजकूर आजही वाचता येतो, कारण इंग्रजी अक्षरांचे संकेत बहुतेक सगळ्या यंत्रांवर सारखेच होते. मराठीच्या वाट्याला मात्र वेगळं आलं.

अडचण अशी होती की त्या वेळच्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त २५६ घरं असायची आणि त्यांतलीही काही यंत्राच्या कामासाठी राखीव असायची. देवनागरीची मुळाक्षरं, मात्रा, अर्धी अक्षरं, रफार, उकार आणि जोडाक्षरं एवढ्या घरांत बसवायची तर अक्षरांचे तुकडे करणं भाग होतं. अर्धा म आणि पुढे दंड जोडून पूर्ण म, अशा पद्धतीने. शिवाय पेजमेकरला देवनागरी ठाऊकच नव्हती. त्याच्या लेखी तो मजकूर रोमन अक्षरांचा होता, फक्त त्या अक्षरांच्या जागी फॉन्ट मराठी आकार दाखवायचा. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, बंगळुरूच्या सायबरस्केपची आकृती, पुण्याच्याच सी-डॅकचं आयएसएम अशा प्रणालींनी हे अवघड काम करून दाखवलं. त्यामागच्या अभियंत्यांचं आणि अक्षररचनाकारांचं मोल मोठं आहे. त्यांच्यामुळेच मराठी पुस्तकं इतक्या लवकर संगणकावर आली. पण प्रत्येकाने तुकडे आपापल्या पद्धतीने पाडले आणि आपापल्या घरांत ठेवले. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये 'इस्की' हा भारतीय लिप्यांसाठीचा समान संकेत प्रमाण म्हणून जाहीर केला होता. पानं लावणाऱ्या परदेशी सॉफ्टवेअरना तो कळत नव्हता, म्हणून पुस्तकाच्या फाइलीत शेवटी उतरायचे ते त्या त्या कंपनीच्या फॉन्टचेच संकेत. एका कंपनीच्या फॉन्टमधला मजकूर दुसरीच्या फॉन्टमध्ये टाकला की अर्थहीन आकारांची रांग उभी राहायची, आणि फॉन्टच नसेल तर मराठी परिच्छेदाच्या जागी रोमन अक्षरं आणि विरामचिन्हं विखुरलेली दिसायची.

हे नेमकं कसं बिघडतं ते एका शब्दावरून पाहता येईल. 'मार्मिक' हा शब्द घ्या. उच्चारताना म, काना, अर्धा र, मग पुढचा म, त्याची वेलांटी आणि शेवटी क असा क्रम येतो. युनिकोड या जगभरच्या लिप्यांसाठीच्या समान संकेतप्रणालीत हा शब्द याच क्रमाने साठवला जातो. र'च्या हलन्ताची खूण धरून एकूण ७ संकेत होतात. कागदावर मात्र ऱ्हस्व वेलांटी आपल्या म'च्या डावीकडे जाते आणि आधी उच्चारलेला र रफार होऊन नंतरच्या म'च्या डोक्यावर बसतो. जुन्या फॉन्टमध्ये मजकूर डोळ्यांना दिसतो त्या क्रमाने साठवला जायचा: मा, मग वेलांटी, मग म, मग रफार, मग क. म्हणजे फाइलीत शब्दाऐवजी शब्दाचं चित्र असायचं. असा मजकूर युनिकोडमध्ये आणताना परिवर्तकाला प्रत्येक वेलांटी पुढच्या अक्षरापलीकडे न्यावी लागते, प्रत्येक रफार मागे आणावा लागतो, आणि 'स्थि' किंवा 'ष्ट्रि' यांच्यासारखं जोडाक्षर आलं की ते कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे ओळखावं लागतं. ऑपरेटरने एखादी मात्रा चुकून दोनदा दाबली असेल, किंवा अक्षर सुबक दिसावं म्हणून एखादा तुकडा दुसऱ्याच घरातून उचलला असेल, तर छापील पानावर ते कळतही नाही. परिवर्तनात मात्र शब्द मोडतो. म्हणून ३०० पानांच्या पुस्तकाचं परिवर्तन काही क्षणांत झालं तरी त्यानंतर अख्खं पुस्तक पुन्हा ओळ न् ओळ तपासावं लागतं. कित्येकदा त्यापेक्षा नव्याने टंकून घेणं सोपं पडतं. खिळ्यांच्या काळातला पुनर्जुळणीचा खर्च असा नव्या यंत्रावरही परत आला.

हा तोटा दुसऱ्या आवृत्तीपुरता राहत नाही. आजचं पुस्तक एकाच रूपात जगत नाही. ई-पुस्तकात वाचकाने अक्षर मोठं केलं की ओळी नव्याने जुळतात. त्यासाठी फाइलीत खरा मजकूर लागतो, पानाचं चित्र चालत नाही. अंध वाचक संगणकाकडून किंवा मोबाइलकडून पुस्तक वाचून घेतात. त्या यंत्राला 'मार्मिक' हा शब्द म्हणून मिळाला तरच ते तो उच्चारू शकतं. संशोधकाला एखादा संदर्भ शोधायचा असतो, संपादकाला पुस्तकभर एका नावाचं लेखन सारखं करायचं असतं, कोशकाराला शब्दांचे दाखले हवे असतात. पुण्यातला लेखक, पणजीतला संपादक आणि टोरांटोतला मुद्रितशोधक एकाच मजकुरावर काम करू शकतात, पण तिघांच्या यंत्रांना तो मजकूर सारखाच कळत असेल तरच. जुन्या फॉन्टमध्ये अडकलेल्या पुस्तकाला या सगळ्या वाटा बंद असतात. म्हणून माझ्या मते पहिली कसोटी ही: मजकूर युनिकोडमध्ये आत जायला हवा आणि युनिकोडमध्येच बाहेर यायला हवा.

अक्षर बरोबर उमटतं का?

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली. त्यात देवनागरीसाठी १२८ जागांचा स्वतंत्र गट आहे. पण मजकूर युनिकोडमध्ये साठवला म्हणजे काम संपत नाही. साठवलेल्या संकेतांवरून वेलांटी योग्य बाजूला नेणं, रफार चढवणं आणि जोडाक्षर घडवणं हे काम फॉन्टमधले नियम आणि सॉफ्टवेअरमधलं अक्षर घडवणारं यंत्र यांनी मिळून करायचं असतं. दोघांपैकी एक कच्चा असला की 'स्थिती'ची वेलांटी भलतीकडे पडते आणि पानभर हलन्तांचे पाय लोंबू लागतात. मराठीची गोष्ट तर आणखी नाजूक आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. 'आचार्यास' बोलावणं वेगळं आणि 'आचाऱ्यास' बोलावणं वेगळं. हा आडवा अर्धा र हिंदीला लागत नाही, मराठीला त्याच्यावाचून अर्थ सांगता येत नाही. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये, त्यामुळे त्याआधी घडवलेल्या फॉन्टमध्ये त्याच्या जागी रिकामा चौकोन दिसू शकतो. ल आणि श यांची मराठी वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे हे सॉफ्टवेअरला सांगितल्याशिवाय मराठी वळण येत नाही. मराठी वाचकाच्या हाती पडणाऱ्या मराठी पुस्तकात ल आणि श परक्या वळणाचे का असावेत?

म्हणून कोणतंही सॉफ्टवेअर घेण्याआधी एक चाचणीचं पान तयार करावं. त्यात दर्या आणि दऱ्या, ऱ्हास, वाङ्मय, उद्ध्वस्त, क्लृप्ती, हृदय, कर्तृत्व, राष्ट्रीय, स्थित्यंतर, शृंगार, ॲड., ऑगस्ट असे शब्द घालावेत, दोन-तीन लांब परिच्छेद घालावेत आणि एक तळटीप द्यावी. ते पान कागदावर छापून पाहावं. पडद्यावर न दिसणारा दोष कागदावर दिसतो. मग त्यातला मजकूर उचलून साध्या ई-मेलमध्ये चिकटवावा आणि तो जसाच्या तसा येतो का ते पाहावं. अर्ध्या तासाचं हे काम आहे. कोणत्याही जाहिरातीपेक्षा किंवा मित्राच्या शिफारशीपेक्षा ते जास्त सांगून जातं. दिसायला देखणी आणि किमतीला हलकी असलेली काही मांडणी-सॉफ्टवेअर देवनागरीच्या पहिल्याच ओळीत अडखळतात, आणि ते पैसे भरण्याआधी कळलेलं बरं.

आता पेजमेकर आणि इनडिझाइनचं पाहू. ॲडोबीने १९९४ मध्ये आल्डस आपल्यात घेतली. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची, आणि त्यानंतर लवकरच त्याचा विकास थांबला. त्याची जागा घ्यायला आलेलं इनडिझाइन १९९९ मध्ये बाजारात आलं होतं, पण भारतीय लिप्यांची सोय त्यात सर्वांना सहज मिळू लागली ती २०१२ च्या सीएस ६ या आवृत्तीपासून. आजही ती सोय अनेकदा बंदच राहते, कारण परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये 'वर्ल्ड-रेडी' नावाचा ओळजुळणीचा पर्याय स्वतःहून निवडावा लागतो. तो निवडला नाही की मात्रा आणि जोडाक्षरं विस्कटतात, आणि मग 'इनडिझाइनला युनिकोड मराठी जमत नाही' असा निष्कर्ष काढून मंडळी जुन्या फॉन्टकडे वळतात. दोष सॉफ्टवेअरचा नसून एका न निवडलेल्या पर्यायाचा असतो. परिच्छेदाच्या शैलीतच हा पर्याय आणि मराठी भाषा ठरवून ठेवली की सबंध पुस्तकाला ती एकदाच लागू होते.

ओळ, परिच्छेद आणि पुस्तकाची जात

मजकूर सुरक्षित आहे आणि अक्षर बरोबर आहे, इतकं ठरल्यावर तिसरी कसोटी पुस्तकाच्या गरजेची. इथे मराठीचा आणखी एक स्वभाव आडवा येतो. आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला जोडून येतात, त्यामुळे 'विद्यार्थ्यांच्यासाठीसुद्धा' एवढा लांब शब्द सहज तयार होतो. डेमी आकाराच्या पुस्तकात ओळीची लांबी साधारण चार-सव्वाचार इंच, म्हणजे आठ-दहा शब्दांची. असा लांबलचक शब्द ओळीच्या शेवटी मावला नाही तर तो पुढच्या ओळीत जातो आणि मागच्या ओळीतले उरलेले शब्द दोन्ही कडांना टेकवण्यासाठी ताणले जातात. एकेका ओळीपुरता विचार करणारं सॉफ्टवेअर असं करत गेलं की पानभर पांढऱ्या फटी पडतात आणि वाचणारा डोळा अडखळतो. यावर दोन उपाय आहेत. एक, शब्द योग्य अक्षरावर तोडून संयोगचिन्ह देणं, अर्थात जोडाक्षराच्या मधे न तोडता. दुसरा, एकेका ओळीऐवजी सबंध परिच्छेदाचा विचार करून कुठे ओळ मोडावी ते ठरवणं. डोनाल्ड क्नुथ या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाने आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं मनाजोगी न दिसल्यामुळे १९७८ च्या सुमारास 'टेक' ही प्रणाली घडवली, आणि सबंध परिच्छेदाच्या जुळणीची त्याची व मायकेल प्लास यांची रीत १९८१ मध्ये प्रसिद्ध झाली. इनडिझाइननेही पुढे त्याच विचाराने परिच्छेद जुळवायला सुरुवात केली. वर्ड, लिब्रेऑफिस आणि स्क्रायबस साधारणपणे ओळीपुरता विचार करतात. कवितासंग्रहात हा फरक जाणवणारही नाही. ४०० पानांच्या कादंबरीत तो पानोपानी जाणवतो.

आता निवड प्रत्यक्ष करू. चित्रं, चौकटी आणि रंगीत पानांनी भरलेलं पुस्तक असेल, किंवा नियमित प्रकाशन करणारी संस्था असेल, तर इनडिझाइन हा सगळ्यात भरवशाचा पर्याय आहे. त्याचं काम जाणणारी माणसंही सहज मिळतात. पण २०१३ पासून ॲडोबीने नव्या आवृत्त्या वर्गणीवरच द्यायला सुरुवात केली. वर्गणी थांबली की आपलीच फाइल आपल्याला उघडता येत नाही. म्हणून काम संपल्यावर 'आयडीएमएल' प्रकारची प्रत आणि निव्वळ मजकुराची प्रत दोन्ही वेगळ्या जपून ठेवाव्यात. तळटीपा, संदर्भसूची, गणित किंवा संस्कृत अवतरणं असलेल्या अभ्यासग्रंथासाठी टेक-लाटेकची जोडी उत्तम आहे आणि ती फुकट आहे. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन विद्यापीठातल्या फ्रान्स व्हेल्थुइस यांनी १९९१ च्या सुमारास टेकमध्ये देवनागरी आणली ती रोमन लिप्यंतराच्या वाटेने. २००४ मध्ये जोनाथन क्यू यांच्या झीटेकने थेट युनिकोड मजकूर आणि आधुनिक फॉन्ट वापरण्याची सोय केली, आणि तिथून मराठीसाठी हा रस्ता खुला झाला. टेकची फाइल म्हणजे साधा मजकूर आणि त्यात घातलेल्या सूचना, त्यामुळे ती कोणत्याही संगणकावर उघडते आणि वाचता येते. अडचण ही की काम करताना पान डोळ्यांसमोर घडत नाही, आणि सूचनांची भाषा शिकायला काही आठवडे द्यावे लागतात.

स्क्रायबस हे मोफत मांडणी-सॉफ्टवेअर कित्येक वर्षं मराठीसाठी निरुपयोगी मानलं गेलं, आणि ते खरंही होतं, त्याच्या १.४ मालिकेला देवनागरीची जोडाक्षरं नीट घडवता येत नव्हती. पुढच्या प्रायोगिक आवृत्त्यांत ही क्षमता आली आणि २०२४ च्या सुरुवातीला आलेल्या १.६ या स्थिर आवृत्तीत ती सर्वांना मिळाली. स्मरणिका, बालसाहित्य, मुखपृष्ठ, कवितासंग्रह अशा कामांना ते आता नक्की तपासून पाहावं. लांबलचक तळटीपांच्या ग्रंथासाठी मात्र ते निवडू नये. सरळ गद्य असलेलं आत्मचरित्र किंवा कथासंग्रह असेल, चित्रं नसतील आणि हातात पैसा थोडा असेल, तर लिब्रेऑफिसही पुरतं. त्यात शैली, अनुक्रमणिका, तळटीपा आणि पीडीएफ या सगळ्याची सोय आहे. अट एकच: प्रत्येक शीर्षकाला आणि परिच्छेदाला शैली लावून काम करायचं, मोकळ्या जागा आणि एंटर दाबून पान सजवायचं नाही. अभ्यासग्रंथाची सूची कशातही केली तरी हातानं तपासावी. केवळ युनिकोडच्या क्रमांकाने शब्द लावले तर ळ हे अक्षर ल'च्या लगेच नंतर आणि व'च्या आधी येतं, क्ष क'मध्ये जातो आणि ज्ञ ज'मध्ये. आपल्या वर्णमालेत ते तिघेही ह'च्या पुढे उभे असतात.

आक्षेपांचा विचार

पहिला आक्षेप ऑपरेटरच्या सरावाचा. वर्षानुवर्षं जुन्या फॉन्टवर सरावलेल्या माणसाचा हात तिथेच वेगाने चालतो, त्याला नव्याने शिकवायचं कशाला? या आक्षेपात माणसाच्या कष्टांविषयी आदर आहे आणि तो योग्यच आहे. पण सराव मुख्यतः कळफलकाचा असतो, आणि रेमिंग्टन पद्धतीचा कळफलक युनिकोडमध्येही मिळतो. बोटं जुन्याच जागी पडतील, फाइलीत मात्र खरी अक्षरं उतरतील. पानं लावण्याचं सॉफ्टवेअर बदललं तर पहिली एक-दोन पुस्तकं सावकाश होतील, हे मान्य करूनच तसं मानधन द्यावं. उलट पेजमेकरवर अडून राहायचं तर त्या जुन्या सॉफ्टवेअरसाठी जुने संगणकही जिवंत ठेवावे लागतात, आणि त्यात तळटीपांची अंगभूत सोय नसल्याने अभ्यासग्रंथातली प्रत्येक टीप हाताने पानाच्या तळाशी बसवावी लागते. एक परिच्छेद वाढला की पुढच्या सगळ्या टीपा सरकतात. इतकी मेहनत ज्याला करावी लागते, त्याच्याच हिताचं नवं साधन आहे.

दुसरा आक्षेप सौंदर्याचा: युनिकोडमध्ये चांगले फॉन्ट कुठे आहेत? सुरुवातीच्या काळात हा आक्षेप रास्त होता. विंडोजबरोबर येणारा मंगल हा फॉन्ट र. कृ. जोशी यांच्यासारख्या थोर अक्षररचनाकाराने घडवला, पण तो पडद्यासाठी होता. तो पुस्तकभर वापरला गेला आणि 'युनिकोड म्हणजे मंगल' असा समज पसरला. आता परिस्थिती पालटली आहे. आयआयटी मुंबईतून आलेला शोभिका हा फॉन्ट संस्कृतसह दाट जोडाक्षरांच्या मजकुरासाठी घडवलेला आहे. टिरो या संस्थेने हिंदी, संस्कृत आणि मराठीसाठी वेगवेगळी देवनागरी घडवली आणि त्यात मराठीला स्वतःची वळणं मिळाली. मुंबईच्या 'एक टाइप' या गटाचा 'मुक्त' हा फॉन्ट शीर्षकांना शोभतो. हे सगळे फॉन्ट मोफत आणि मुक्त परवान्याचे आहेत, त्यामुळे पुढच्या आवृत्तीत परवान्याची चिंता राहत नाही. जुन्या प्रणालींच्या कंपन्यांनीही युनिकोड फॉन्ट दिले आहेत, म्हणजे आवडतं वळण सोडण्याचीही गरज सहसा पडत नाही. फॉन्ट निवडताना ओळींमधलं अंतर मात्र रोमन लिपीच्या मापाने ठेवू नये. आपल्या अक्षरांना शिरोरेघेवर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार असतात. त्यांना श्वास घ्यायला जागा लागते.

तिसरा आक्षेप छापखान्याचा: मुद्रकाला त्याच्या ओळखीचीच फाइल लागते. आज ऑफसेटच्या प्लेटसाठी मुद्रकाला लागते ती फॉन्ट आत बसवलेली, योग्य मापाची पीडीएफ. ती कशात तयार झाली याचा प्लेटवर काही परिणाम होत नाही. आतलं पान काळ्या एकाच शाईत आहे ना, कडांना कापायची जागा सोडली आहे ना, पानांची संख्या फर्म्याच्या हिशोबात, म्हणजे १६ च्या पटीत, बसते ना, एवढं आधी मुद्रकाशी बोलून घ्यावं. याच्याच जोडीला आणखी एक आक्षेप येतो: पीडीएफ आहे म्हटल्यावर मजकूर वेगळा जपायचा कशाला? पीडीएफ हे २००८ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि पानाचं रूप जपण्यासाठी ते उत्तमच आहे. पण पीडीएफमध्ये प्रामुख्याने आकार आणि त्यांच्या जागा साठवलेल्या असतात. युनिकोड फॉन्टमधून केलेल्या पीडीएफमधूनही देवनागरी उचलून घेतली तर वेलांट्या आणि रफार इकडेतिकडे गेलेले अनेकदा आढळतात. छापायला पीडीएफ द्यावी, पण भरवसा मूळ मजकुराच्या फाइलीवर ठेवावा.

या सगळ्यातून निघणारा व्यवहार साधा आहे, आणि तो काम सुरू होण्याआधी कागदावर लिहून घ्यायला हवा. डीटीपीचं काम देताना बहुतेक करारांत दर पानामागे ठरतो आणि बाकी सगळं गृहीत धरलं जातं. त्यात चार ओळी वाढवाव्यात: मजकूर युनिकोडमध्येच असेल, काम संपल्यावर उघडी फाइल, वापरलेले फॉन्ट व चित्रं, छपाईची पीडीएफ आणि शेवटच्या प्रुफापर्यंतच्या सर्व दुरुस्त्या असलेला निव्वळ मजकूर लेखक-प्रकाशकाच्या स्वाधीन केला जाईल. शेवटच्या प्रुफातल्या दुरुस्त्यांचा उल्लेख मुद्दाम हवा, कारण त्या थेट मांडलेल्या पानावर होतात आणि लेखकाकडच्या वर्ड फाइलीत कधीच पोचत नाहीत. दोन वर्षांनी तीच अशुद्ध फाइल नव्या आवृत्तीसाठी बाहेर निघते. मांडणी करणाऱ्याला या जास्तीच्या कामाचे पैसे द्यावेत. जो पुस्तकाचा मजकूर नीट बांधून परत देतो, त्याने पुस्तकाच्या पुढच्या सगळ्या आवृत्त्यांचं काम आधीच हलकं केलेलं असतं.

फाइली हाती आल्या की पेटी बंद करण्याआधी एक शेवटची तपासणी करावी. निव्वळ मजकुराची फाइल अशा संगणकावर उघडावी, ज्यावर मांडणीचं कोणतंही सॉफ्टवेअर नाही आणि कुठल्याही कंपनीचा खास फॉन्ट नाही. घरातला साधा मोबाइलही चालेल. शोधाच्या चौकटीत पुस्तकातला एखादा शब्द टंकावा, 'दऱ्या' म्हणा किंवा 'मार्मिक'. तो ज्या ज्या ओळीत आहे तिथे तिथे सापडला, तर सॉफ्टवेअर कोणतंही असो, निवड बरोबर झाली आहे.